पॅटर्न सागवानी करावा की ॲल्युमिनियमचा?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक मित्र पॉवरलूमचे बिडाचे (ओतीव लोखंडाचे) गिअर ओतून घेणार आहे. पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबून साचा उठवायचा नमुना, कशाचा करावा, यावर गाडी आठवडाभर अडलीय.

खर्चात लाकूड सरळ जिंकतं. सुतार ड्रॉइंग बघून थेट घडवतो. ॲल्युमिनियमचा पॅटर्न ओतूनच करायचा, तर आधी लाकडी मास्टर (मूळ नमुना) लागतो. धातू थंड होताना आकसतो, म्हणून नमुना थोडा मोठा ठेवतात; मास्टरमध्ये ही आकुंचनाची सूट दोनदा धरायची: बिडासाठी मीटरला साधारण १० मिमी, शिवाय ॲल्युमिनियमची वेगळी. दुसरी विसरली, की गिअर लहान येतो आणि दात जुळत नाहीत.

टिकण्यात मात्र उलटं. ओल्या वाळूतलं पाणी लाकूड पितं, फुगतं. मग आपला चाळिशीपारचा उन्हाळा त्याला तडे पाडतो. माझ्याकडच्या एका जुन्या पॅटर्नचा जोड नख जाईल इतका उघडलाय. तिथं वाळू अडकते आणि पॅटर्न उचलताना साच्याची कड ढासळते. लांबी (पुट्टी) भरून, घासून, रंग मारून चालवतोय. ॲल्युमिनियम फुगत नाही, पण आपटला तर पोचा येतो.

माप बदलायचं असेल तर लाकडाला फळी ठोकली की झालं.

दहा-वीस नग किंवा डिझाइन अजून कच्चं असेल, तर सागवान. महिन्याला शेकडो नग असतील तर ॲल्युमिनियम, जमलं तर मॅचप्लेटवर, म्हणजे एकाच प्लेटच्या दोन्ही बाजूंना पॅटर्नचे अर्धे-अर्धे भाग बसवून. मोठा एकच नग हवा असेल तर थर्मोकोल. तो वाळूतच ठेवतात, धातू ओतताच जळून जातो. मित्राचं दातांचं गणितच अजून ठरलेलं नाही, म्हणजे त्याला सागवानच.