डी ॲन्झा कॉलेज, कूपर्टिनो: अध्यक्षांच्या कारकिर्दींतून घडलेली सेवा

कॅलिफोर्नियातील कूपर्टिनो आणि सनीव्हेल परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत डी ॲन्झा कॉलेजचे नाव बहुधा दोन निमित्तांनी निघते. एच-4 व्हिसावर (एच-1बी नोकरदाराच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर) आलेल्या जोडीदाराला अकाउंटिंग किंवा प्रोग्रॅमिंग शिकायचे असते, नाही तर हायस्कुलातील मुलाला कॅल्क्युलस आधीच उरकून टाकायचे असते. शिफारस करणारे फी आणि पार्किंग एवढे सांगून मोकळे होतात. माझ्या मते मात्र या कॉलेजात जे पदरात पडते त्याचा खरा उलगडा तेथील कारभार कोणी आणि कसा हाकला हे पाहिल्यावरच होतो.

1960 साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा आराखडा ठरवला तेव्हा सर्वांत गुणवान विद्यार्थ्यांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, त्यांच्या खालोखालच्यांसाठी राज्य विद्यापीठे आणि ज्याला शिकायचे आहे अशा कोणाहीसाठी दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजे, अशी वाटणी झाली. डी ॲन्झा हे त्यांपैकीच एक. फूटहिल कॉलेजपासून या डिस्ट्रिक्टची (फूटहिल आणि डी ॲन्झा ही दोन कॉलेजे चालवणाऱ्या सार्वजनिक संस्थेची) घडी बसवणारे कॅल्व्हिन फ्लिंट यांनी 1967 मध्ये डी ॲन्झा हे दुसरे कॉलेज उभे केले. त्यांच्या नावाचे फ्लिंट सेंटर हे सुमारे 2400 आसनांचे नाट्यगृह होते. 24 जानेवारी 1984 रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी त्याच्या रंगमंचावर पिशवीतून मॅकिंटॉश बाहेर काढला आणि ते यंत्र स्वतःच प्रेक्षकांशी बोलू लागले. दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात एवढे मोठे नाट्यगृह बांधायला धाडस लागते. पुढे ते चालवण्याचा खर्च डोईजड झाला आणि 2019 मध्ये ते बंद करण्यात आले. हा निर्णय हिशेबाने पटतो, मनाला पटत नाही.

डी ॲन्झाचे पहिले अध्यक्ष रॉबर्ट डीहार्ट यांची कारकीर्द सुमारे पंचवीस वर्षांची. आपल्याकडे एखादे प्राचार्य इतकी वर्षे टिकले की कॉलेज त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागते. येथे ग्रंथालयाच्या इमारतीला त्यांचे नाव आहे, एवढेच. त्यांच्यानंतर 1993 मध्ये मार्था कँटर आल्या, आणि या आढाव्यात मी सर्वाधिक गुण त्यांनाच देईन. त्यांनी त्यापूर्वी सॅन होजे सिटी कॉलेजात अध्ययन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम उभारला होता. एखादा विद्यार्थी मागे का पडतो हे अशा वर्गांत ज्याने जवळून पाहिले आहे, त्याच्या हाती कारभार आला की समुपदेशन आणि मदतकेंद्रे ही शोभेची खाती राहत नाहीत. 2003 मध्ये कँटर डिस्ट्रिक्टच्या चान्सलर, म्हणजे प्रमुख, झाल्या, 2006 मध्ये मतदारांनी डिस्ट्रिक्टच्या 49 कोटी डॉलरहून अधिक रकमेच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली, आणि 2009 मध्ये ओबामा प्रशासनाने त्यांना शिक्षण खात्यात अंडर सेक्रेटरी म्हणून नेले. कम्युनिटी कॉलेजच्या वाटेने त्या पदावर पोहोचलेल्या त्या पहिल्याच.

ब्रायन मर्फी (2004 ते 2018) यांचा पिंड वेगळा होता. ते राज्यशास्त्राचे अभ्यासक, आणि विद्यार्थ्याला नोकरीबरोबरच नागरिकत्वाचेही शिक्षण मिळाले पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. 2011 मध्ये सुरू झालेल्या ‘डेमोक्रसी कमिटमेंट’ या देशव्यापी उपक्रमाच्या संस्थापकांत ते होते. ज्याला चार महिन्यांत पायथॉन शिकून नोकरीला लागायचे आहे त्याला हे सारे अवांतर वाटेल. मला मात्र, मतदानाचा हक्क अजून न मिळालेल्या स्थलांतरितांच्या मुलांसाठी याहून उपयुक्त शिक्षण सुचत नाही. 2020 मध्ये अध्यक्ष म्हणून लॉइड होम्स आले ते महासाथीच्या ऐन भरात, आणि त्यांच्या वाट्याला आधी ऑनलाइन वर्गांची व्यवस्था आली.

आता ग्राहकाच्या नजरेतून. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका क्वार्टर युनिटला (युनिट म्हणजे श्रेयांक, क्वार्टर म्हणजे सत्र) 31 डॉलर पडतात, म्हणजे पाच युनिटांचा वर्ग, किरकोळ शुल्के आणि पुस्तके सोडून, 155 डॉलरला. एच-4 व्हिसाधारकालाही राज्यात वर्षभर राहिल्यानंतर कागदपत्रे दाखवून रहिवासी दर मिळू शकतो, पण एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्याला परराज्याचा कितीतरी चढा दर भरावा लागतो, त्यामुळे भारतातून थेट येणाऱ्यांनी स्वस्ताईच्या भरवशावर राहू नये. क्वार्टर अवघ्या बारा आठवड्यांचा असतो; पहिला आठवडा गाफील गेला की मिडटर्म अंगावर येते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याने सुरुवातीला एकच विषय घ्यावा, आणि येथून पुढे पदवीसाठी विद्यापीठात ट्रान्सफर व्हायचे असेल तर वर्ग निवडण्याआधी समुपदेशकाची वेळ घ्यावी, कारण कोणता विषय कोठे मान्य होतो हे जाहिरातीतून कळत नाही.

आवारातच ‘ल पेती त्रियानों’ ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची खांबांची हवेली आहे, आणि तेथे कॅलिफोर्निया हिस्टरी सेंटर आहे. प्रवेशाची चौकशी करायला गेलात तर थोडा वेळ काढून तेही पाहून या.