पाण्याचा धक्का घ्यायचा की वजन? पाणचक्कीचं चाक निवडताना

खळाळता ओढा दिसला की वाटतं, यात फळ्यांचं चाक सोडलं की काम झालं. फसगत इथेच होते. सेकंदाला 1 मीटर वेगाने वाहणाऱ्या पाण्यातली ऊर्जा म्हणजे तेच पाणी जेमतेम 5 सेंटिमीटर वरून पडल्यावर मिळेल तेवढीच. वेग दुप्पट केला तर 20 सेंटिमीटर. म्हणून पाणी किती जोरात धावतंय यापेक्षा ते किती खाली पडू शकतं, हे आधी पाहा.

हिशेब सोपा आहे. सेकंदाला येणारे लिटर गुणिले पडण्याची उंची मीटरमध्ये गुणिले 9.81, की उत्तर वॅटमध्ये. 100 लिटर पाणी 3 मीटर पडत असेल तर सुमारे 2,940 वॅट. त्यातलं चाकाच्या हाती किती लागतं, यावरच सगळी निवड ठरते.

खालून पाणी लागणारं चाक बांधायला सर्वांत सोपं. धरण नको, उंच पाट नको. फळ्या प्रवाहात बुडाल्या की चाक फिरतं. पण ते फक्त धक्क्यावर चालतं. फळी पाण्याच्याच वेगाने पळाली तर धक्का शून्य, आणि अडून उभी राहिली तर जोर भरपूर पण काम शून्य. त्यामुळे फळीचा वेग पाण्याच्या साधारण एक तृतीयांश ते निम्मा ठेवावा लागतो, आणि बरीचशी ऊर्जा फेसाळत पुढे निघून जाते. फळ्या वक्र केल्या की यात बरीच सुधारणा होते. पोंसले या फ्रेंच अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात तेच केलं.

वरून पाणी घेणाऱ्या चाकाचं तंत्र निराळं. पन्हळीतून आलेलं पाणी कप्प्यांत भरतं, एक बाजू जड होते आणि ते वजनच चाक ओढतं. इंग्रज अभियंता जॉन स्मीटन यांनी 1759 मध्ये छोट्या प्रतिकृतींवरचे प्रयोग मांडले, तेव्हा तेवढ्याच पाण्यात आणि उंचीत हे चाक खालच्या चाकाच्या सुमारे दुप्पट काम देतं असं दिसलं. चांगलं बांधलेलं चाक 80 टक्क्यांच्या आसपास जातं, आणि पाणी कमी झालं तरी फारसं रुसत नाही: कप्पे अर्धे भरतात, काम तेवढं कमी होतं, इतकंच. मला हा गुण त्या टक्केवारीहून मोलाचा वाटतो. तोटा म्हणजे आकार. 3 मीटर पडणाऱ्या पाण्याला जवळपास तेवढ्याच व्यासाचं चाक लागतं, आणि भरल्या कप्प्यांचा भार आसावर येतो.

उंची दोनेक मीटरच असेल तर पाणी चाकाच्या कमरेशी सोडायचं आणि चाकाला घासून जाईल अशी वक्र भिंत बांधायची, म्हणजे कप्पे लवकर रिकामे होत नाहीत.

उंची दहापट असेल तर मात्र चाकाचा हट्ट सोडा आणि पेल्टन टर्बाइन बघा. बारीक नळीतून सुटलेली धार वाटीच्या मधल्या कडेवर आदळते, दुभंगते आणि जवळजवळ उलटी फिरते. वाटीचा वेग धारेच्या निम्मा असला की पाणी आपली बहुतेक ऊर्जा देऊन गळून पडतं. पण वाळूमुळे नळीचं तोंड आणि वाट्या झिजतात, त्यामुळे गाळणी उत्तम हवी. मोठं चाक पालापाचोळा मुकाट गिळतं.

आता काम कोणतं, तेही बघा. 3 मीटरचं चाक मिनिटाला 10 च्या आसपास फेरे घेतं, पण जोर प्रचंड. दळणाला किंवा पंपाचा दट्ट्या हलवायला थोडे गिअर पुरतात. 1,500 फेऱ्यांचा जनरेटर जोडायचा तर वेग दीडशेपट वाढवावा लागतो, आणि त्या गिअरबॉक्समध्ये वाचवलेली टक्केवारी खर्ची पडते.

वरचं चाक ठरवलंत तर पुरात खालचं पाणी कुठवर चढतं त्याची खूण करून ठेवा. नेहमीच्या मांडणीत चाकाचा तळ प्रवाहाच्या उलट फिरतो, त्यामुळे तो पाण्यात बुडाला की ब्रेक लागतो. चाक त्या खुणेच्या वर टांगायचं आणि उंची मोजायची ती तिथपासून.