गावच्या माळावर पवनचक्की की सौर प्रकल्प? ठरावाआधी एवढं बघा

सोलापूर, सांगली, सातारा, बीड, धाराशिव या पट्ट्यातल्या कितीतरी गावांत सध्या हा विषय निघतो. माळ मोकळा पडलाय, कंपनी जागा मागतेय, मग पवनचक्कीला द्यायची की सौर प्रकल्पाला? भाड्याचा हिशेब सगळे मांडतात. मी इथे दुसरा हिशेब मांडतोय. त्या माळावर आधीपासून राहणाऱ्या लांडगा, खोकड, काळवीट आणि धाविक, चंडोल हे पक्षी यांचं काय होईल, आणि त्यांच्यात व आपल्यात जे खटके उडतात ते वाढतील की कमी होतील, याचा.

दोन्ही ठिकाणी कोळसा जळत नाही आणि मला हे दोन्ही प्रकल्प हवे आहेत. पण माळाच्या दृष्टीने ते एकसारखे नाहीत. पवनचक्कीचा भार मुख्यतः आकाशावर पडतो, सौर प्रकल्पाचा जमिनीवर.

पवनचक्कीचं बोलायचं तर साताऱ्याच्या ठोसेघरपुढचं चाळकेवाडीचं पठार बघायलाच हवं. तिथे पवनचक्क्या बऱ्याच वर्षांपासून फिरताहेत. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी पठारावरचा पवनचक्क्यांचा भाग आणि त्या नसलेला भाग यांची तुलना केली. तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले. त्यामुळे जमिनीवरचे सरडे वाढले. पंख्यासारखा गळा फुलवणारा हा सरडा. त्याचं शास्त्रीय नावच ‘सरडा सुपर्बा’, आपल्याच शब्दावरून ठेवलेलं. मे महिन्याच्या उन्हात जांभ्या दगडावर बसून नर गळा उघडतो तेव्हा निळा, काळा आणि नारिंगी असे तीन रंग एकदम झळकतात. पवनचक्क्यांखालच्या सरड्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी निघालं, माणूस अगदी जवळ गेला तरी ते पळेनात, आणि नरांच्या गळ्याचा रंगही फिका पडलेला होता. डोक्यावरची घार कमी झाली आणि सरड्याचा स्वभाव, रंग, संख्या सगळंच बदललं.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगितलं. कारण ‘पात्याखाली मेलेला पक्षी सापडला नाही, म्हणजे काही नुकसान नाही’ हे वाक्य अशा चर्चेत हमखास ऐकू येतं. पक्षी न मरताही जागा सोडून जातात. शिकारी पक्षी उंदीरही खातात, तेव्हा कडेच्या शेतकऱ्यानेही याची दखल घ्यावी.

पवनचक्कीची जमेची बाजूही मोठी आहे. पाया, क्रेनची जागा आणि रस्ता एवढं सोडलं तर खालची जमीन उघडी राहते. मेंढरं चरतात, खोकड बीळ करतं, गवत येतं. जागा निवडताना मात्र कड्याची धार टाळायला लावा. वारा कड्याला आपटून वर चढतो आणि त्याच झोतावर गरुड, गिधाडं, घारी तरंगतात. पात्यांनाही नेमका तोच वारा हवा असतो. नॉर्वेच्या स्मोला बेटावर तीनपैकी एक पातं काळं रंगवलं तेव्हा पक्षी मरण्याचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. प्रयोग चारच पवनचक्क्यांवर झाला होता, म्हणून तो सगळीकडे तसाच लागू पडेल असं मी म्हणणार नाही. पण विचारायला काय हरकत आहे?

आता सौर. एका मेगावॅटला साधारण ४ ते ५ एकर लागतात, आणि चोरीच्या भीतीने त्याला चारी बाजूंनी जाळीचं कुंपण पडतं. माझ्या मते खरी अडचण पॅनलची नाही, या कुंपणाची आहे. अशाच एका माळावर मी सकाळी एका मेंढक्याबरोबर चालत होतो. पुढची मेंढरं जाळीपाशी येऊन थांबली, मागची त्यांच्यावर येऊन आदळली आणि सगळा कळप तिथेच तटला. त्यांची पाण्याची वाट आत राहिली होती. तो काही न बोलता कळप वळवून जाळीच्या कडेकडेने निघाला. पाणवठ्यावर पोचेपर्यंत ऊन तापलं होतं.

लांडग्याचंही असंच होतं. मोकळा माळ आक्रसला की मेंढरांचा वाडा आणि लांडग्याचं बीळ एकमेकांच्या जवळ येतात. पोट भरायला काळवीट शेजारच्या ज्वारीत शिरतं. मग ज्याचं पीक गेलं आणि ज्याचं मेंढरू गेलं, ते दोघंही त्या जनावरावर चिडतात. कुंपण कुणी घातलं हे तोवर विसरलेलं असतं.

आणि हा माळ कागदावर असतो ‘पडीक’. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक या संशोधकांनी देशातल्या अशा मोकळ्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा तयार केला. देशाच्या सुमारे १० टक्के जमिनीवर त्या पसरल्या आहेत आणि त्यांतला दोन तृतीयांशांहून जास्त भाग सरकारी नकाशात पडीक म्हणून दाखवलेला आहे. म्हणून सातबारा वाचून माळाची किंमत करू नका.

तरीही सौरच्या बाजूने एक मुद्दा इतका जड आहे की तो बाजूला सारता येत नाही. बऱ्याच गावांत शेतीची वीज चक्राकार, म्हणजे पाळीपाळीने मिळते, दिवसा ८ तास नाहीतर रात्री १० तास. रात्रपाळी आली की हातात बॅटरी आणि काठी घेऊन उसाला दारं धरायला जावंच लागतं. जुन्नर, आंबेगाव, अकोले, संगमनेर या भागात त्याच उसात बिबटी पिलं घालते. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोल्याच्या शेतीच्या भागात कॅमेरे लावले, तेव्हा १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास ५ प्रौढ बिबटे निघाले, तेही जवळ मोठं जंगल नसताना. बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा उपाय जुन्नरमध्ये करून झालाय. २००१ नंतर असे पकडलेले बिबटे तिथल्या वनांत सोडले, तर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले. म्हणजे बिबट्या उचलून प्रश्न सुटत नाही. माणूस रात्री उसात नसणं हा त्याहून साधा उपाय, आणि तो दिवसाच्या विजेशिवाय होत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच्या विजेच्या उपकेंद्राला जोडलेला छोटा सौर प्रकल्प नेमकी हीच वीज देतो. ज्याच्या घरातलं माणूस पहाटे तीन वाजता भरणं करायला गेलेलं असतं, त्याला यापुढे काही पटवावं लागत नाही.

तारांबद्दल थोडक्यात. प्रकल्प कुठलाही असो, वीज तारांतूनच जाते. माळढोक जड आणि समोरचं कमी दिसणारा, त्यामुळे तारेवर आपटून मरतो; राजस्थान-गुजरातेत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश झाला. पुढे २०२४ मध्ये तो सैल केला गेला. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे, पण पक्षी जवळजवळ उरलेला नाही. उपकेंद्रालगतच्या प्रकल्पाला तार थोडीच लागते, हा छोट्या सौरचा आणखी एक फायदा.

मग द्यायचं काय? माळ जिवंत असेल, म्हणजे गवत येत असेल, मेंढरांचे वाडे पडत असतील, लांडगा-काळवीट दिसत असेल, तर तिथे मोठं कुंपणबंद सौर देऊ नका. तिथे एखादीच गोष्ट टाळता येत नसेल तर कड्यापासून आत, विरळ लावलेल्या पवनचक्क्या त्यातल्या त्यात बऱ्या. पण कड्यावर गिधाडं किंवा गरुड बसत असतील तर त्याही नकोत. सौर जरूर घ्या, तो संपलेल्या मुरूम खाणीवर, शाळा-गोदामांच्या छपरावर किंवा उपकेंद्राजवळच्या एखाद्याच्या हलक्या खासगी रानात. योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे, त्यामुळे गायरानच पाहिजे असा हट्ट धरायचं कारण नाही. गायरान द्यावंच लागलं तर पाण्याची वाट कुंपणाबाहेर ठेवायला लावा, जाळीखाली ससा-खोकड जाईल एवढी फट मागा, आणि पॅनलखाली मेंढरं चारायची मुभा करारात लिहून घ्या.

मौन धरून चालणार नाही. सौर आणि पवन प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेखालची पर्यावरण मंजुरी लागत नाही, त्यामुळे जनसुनावणीही होत नाही. बोलायची जागा बहुतेक वेळा ग्रामसभाच. तिच्या आधी थंडीतल्या एका पहाटे माळ चालून या, आणि सोबत गावातला जुना मेंढका घ्या. लांडग्याची बिळं कुठे आहेत, पाण्यावर कोण कुठून येतं, हे त्याला पाठ असतं. तो दाखवेल त्या जागा गटनंबरासह वहीत उतरवा आणि ठरावाला जोडा.