आवाजाला घाबरणाऱ्या कुत्र्यांचं प्रेशर जॅकेट: घ्यावं का?

सणासुदीच्या दणदणाटात कुत्र्याच्या छाती-पोटाभोवती सतत हलका दाब राहिला की त्याची भीती कमी होते, असा या जॅकेटमागचा हिशोब. काही कुत्र्यांना खरंच फरक पडतो, काहींना ढिम्म नाही. संशोधनातही ठाम कौल मिळालेला नाही. बंद खिडक्या, ओढलेले पडदे आणि लपायला एक कोपरा आधी, जॅकेट त्यानंतर.

सगळी मदार मापावर. वजन बघून साइज घेतली तर बहुतेक वेळा फसते. पुढच्या पायांच्या लगेच मागे, छातीचा सर्वांत मोठा घेर टेपने मोजा. घातल्यावर कापडाखाली दोन बोटं सपाट सरकायला हवीत. सैल राहिलं तर तो नुसता सदरा, आवळलं तर श्वासाला अडचण. काखेत घासतंय का, हे चालवून बघितल्याशिवाय कळत नाही.

खरी खोट वेल्क्रोत आहे. आवाजालाच घाबरणाऱ्या जनावराच्या कानाशी तो ‘चर्र’ करून उघडायचा, ही कल्पना कोणाची कोण जाणे! पट्टे दुसऱ्या खोलीत उघडून आणा. केस अडकले की पकड जाते, ते बारीक कंगव्याने काढा आणि पट्टे बंद करूनच धुवा.

सणाच्या आठवडाभर आधी सवय लावा: आधी नुसतं हुंगू द्या, मग खाऊ देत पाठीवर टाका, मग पाच मिनिटं घाला. पहिल्यांदाच फटाक्यांच्या वेळी चढवलं, तर पुढे जॅकेट दिसताच कुत्रा पळतो.

कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून घालवतो. म्हणून तासा-दीड तासाने जॅकेट काढा, घरात एकटा असताना घालूच नका. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्यांना आधी डॉक्टरांना विचारूनच.

गप्प बसला म्हणजे निवांत झाला, असं नाही. कान मागे, शेपटी पोटाशी, सारखे ओठ चाटणं, आवडता खाऊही नाकारणं ही भीतीने गोठल्याची लक्षणं; लगेच काढा. मांजरं तर बऱ्याचदा घातल्या घातल्या आडवी होतात आणि लोक त्यालाच शांत होणं समजतात. मांजरासाठी आम्ही सुचवणार नाही.

थरथर, लाळ, दार ओरबाडणं इथवर भीती गेली असेल तर जॅकेट पुरणार नाही. पशुवैद्याकडे सणाच्या दोन-तीन आठवडे आधी जा, म्हणजे औषधाची चाचणी घरी शांतपणे घेता येते. एसप्रोमाझिन हे गुंगी आणणारं औषध एकटंच दिलं, तर अंग सुस्तावतं, भीती मात्र तशीच राहू शकते. घरात उरलेली गोळी देऊ नका.

उंच कॉलरच्या जॅकेटखाली गळ्यातला फोन नंबरचा बिल्ला झाकला जातो. घाबरून कुत्रा निसटलाच, तर बिल्ला दिसायला हवा. बाहेर काढून ठेवा.