सीनियर ऑनर सोसायटी जॉइन करावी का? एक अख्खं वर्ष मेंबर राहून आणि वर नोकरीचे आठ महिने काढून आलेला अनुभव

मागच्या आठवड्यात कॉलेजातल्या दोन ज्युनियर मुलींनी विचारलं, ताई आम्हाला ऑनर सोसायटीचं (म्हणजे चांगल्या विद्यार्थ्यांना निवडून मेंबर करून घेणाऱ्या संस्थेचं) पत्र आलंय, पैसे भरू का? दोघींना वेगवेगळं टाइप करण्यापेक्षा म्हटलं एकदाच नीट लिहून टाकू. मी इथे अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्स केलं, एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर. सोसायटीचं नाव घेत नाही, कारण त्रास झाला तो आमच्या चॅप्टरमुळे, म्हणजे आमच्या कॉलेजातल्या शाखेमुळे, बाकी ठिकाणी चांगलंही चालत असेल.

निवड झाल्यावर आईला फोनवर सांगितलं की मला ऑनर सोसायटीत घेतलं, तर तिचा पहिला प्रश्न, "मेंटेनन्स किती?" डोंबिवलीत सोसायटी म्हणजे एकच, त्यात बाबा आमच्या बिल्डिंगचे अकरा वर्षं सेक्रेटरी. बाबांनी फोन घेतला आणि विचारलं, "मागच्या वर्षीची मिनिट्स, सभेच्या नोंदी, बघितल्यास का?" मी हसले. बाबांचं काहीतरीच, असं वाटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. या सोसायट्यांचं प्रस्थ इथे जुनं आहे. सगळ्यात जुनी फाय बीटा कप्पा १७७६ची, म्हणजे यांच्या स्वातंत्र्याच्या वर्षातली, विल्यम अँड मेरी कॉलेजात सुरू झालेली. ती मुख्यतः अभ्यासावर घेते, इंजिनियरिंगवाल्यांची टाऊ बीटा पाय १८८५ची. शेवटच्या वर्षाची म्हणून जी खास असते ती मॉर्टर बोर्ड, १९१८ साली फक्त मुलींसाठी निघाली आणि १९७५मध्ये मुलांनाही घ्यायला लागली. या सीनियरवाल्या प्रकारात नुसता जीपीए (मार्कांची सरासरी) चालत नाही, लीडरशिप आणि समाजसेवाही बघतात, आणि मुळात वर्षभर काम करणं अपेक्षित असतं. हे शेवटचं कोणी नीट सांगत नाही.

मला कसं सांगितलं ते ऐका. मंगळवारी रिग्रेशनचा तास चालू असताना काळे झगे आणि चौकोनी टोप्या घातलेले सहा-सात जण वर्गात शिरले, माझं नाव मोठ्याने घेतलं, हातात गुलाब दिला, सगळा वर्ग टाळ्या वाजवतोय. खोटं कशाला बोलू, भारी वाटलं. त्याच भरात त्या रात्री ८५ डॉलर भरले, नंतर ग्रॅज्युएशनला मेंबर म्हणून गळ्यात घालायची ती सोनेरी दोरी १८ची, आणि चॅप्टरची वेगळी वर्गणी २० डॉलर. एकूण १२३. डायनिंग हॉलमधे ट्रे धुऊन मिळवलेले पैसे होते ते.

एप्रिलमधे आम्ही २६ जण शपथा घेऊन मेंबर झालो. ऑगस्टमधे पहिल्या मीटिंगला १४, ऑक्टोबरपर्यंत ७. बाकीच्यांना दोरी मिळणार होती, विषय संपला. ट्रेझरर व्हायला कोणी तयार होईना म्हणून मी झाले, आणि खरी मजा तिथून सुरू झाली कारण क्रेडिट युनियनमधलं (आपल्या पतपेढीसारखी असते ती) चॅप्टरचं खातं दोन वर्षांपूर्वी पास होऊन दुसऱ्या राज्यात गेलेल्या एका मुलाच्या नावावर होतं, त्याचा ईमेल बंद, पासवर्ड कोणाकडे नाही, आणि आमच्या ॲडव्हायझर प्रोफेसरना खातं आहे हेच माहीत नव्हतं. मी काउंटरवर गेले. तिथल्या बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, तुमची निवड झाली त्या मीटिंगची मिनिट्स आणा, मी लगेच नाव बदलते.

मिनिट्स! दोन वर्षांत एकदाही लिहिलेली नव्हती.

त्या रात्री बाबांना व्हिडिओ कॉल केला. ते एकदाही "मी सांगितलं होतं" म्हणाले नाहीत, पण चेहरा सगळं बोलत होता. त्यांनी ठराव कसा लिहायचा ते मराठीत सांगितलं, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर, हजर सभासदांच्या सह्या, मी ते इंग्रजीत केलं, रविवारी पुन्हा मीटिंग घेऊन सात जणांकडून रीतसर मतदान करून घेतलं. खातं हातात यायला सहा आठवडे गेले. आत ३१२ डॉलर निघाले. त्यातून आम्ही गावातल्या दोन शाळांसाठी पुस्तकं गोळा करायचा कार्यक्रम केला, डबे, टेम्पोभाडं, पिझ्झा सगळं धरून, आणि तो एकच कार्यक्रम त्या वर्षात धड झाला.

आता फायद्यांचं. रेझ्युमेवर एक ओळ होते हे खरं. मी साठेक ठिकाणी अर्ज केले, नऊ इंटरव्ह्यू झाले, सोसायटीचं नाव एकानेही उच्चारलं नाही. ट्रेझरर होते हे मात्र तिघांनी विचारलं आणि त्या खात्याची गोष्ट सांगितल्यावर एक मॅनेजर तर खो खो हसला, सध्या त्याच्याच टीममधे आहे मी. सरकारी नोकरीचा फायदा सांगतात, फेडरल नोकरीत नुसत्या बॅचलर्सवर साधारण जीएस-५ ही पगाराची श्रेणी मिळते, ऑनर सोसायटीच्या मेंबरला त्याहून वरची जीएस-७ मिळू शकते. पण तीच सवलत ३.० जीपीएवरही मिळते, आणि या नोकऱ्यांना बहुतेक ठिकाणी सिटिझनशिप लागते, मग आपल्या व्हिसावाल्यांना काय उपयोग? आणि देसी ग्रुपवर जे दादा लोक सांगतात की ईबी-वनला (खास कामगिरीवरच्या ग्रीन कार्डला) मेंबरशिप लागते म्हणून जॉइन कर, त्यांनी नियम वाचावा. तिथे मेंबरशिप हा अनेक निकषांपैकी फक्त एक आहे, आणि तीही मोठ्या कामगिरीवर, मान्यवर तज्ज्ञांनी पारखून दिलेली लागते. कॉलेजातल्या मार्कांवर मिळालेली दोरी तिथे चालत नाही.

मला खरोखर मिळालं ते दोन गोष्टींत. ॲडव्हायझर प्रोफेसरांनी वर्षभर मला काम करताना बघितलं म्हणून रेकमेंडेशन लेटर छान, खऱ्या प्रसंगांसकट लिहिलं. आणि त्या सातमधल्या चौघांशी अजून रोज बोलणं होतं. उरलेल्या १९ जणांना १२३ डॉलरमधे दोरी पडली.

मग भरावे का पैसे? पत्र नुसतं ईमेलवर आलं असेल, कॉलेजात त्यांचा चॅप्टर नसेल, ॲडव्हायझर कोण ते सांगत नसतील तर सरळ डिलीट करा. १९२५पासून ऑनर सोसायट्यांची एक असोसिएशन आहे, एसीएचएस, तिची मेंबर-यादी बघता येते, अर्थात फाय बीटा कप्पा त्या यादीत नाही म्हणून ती काही खोटी ठरत नाही, त्यामुळे यादीवरच विसंबू नका. चॅप्टर जिवंत असेल आणि तुम्हाला आठवड्याला दोन-तीन तास देता येणार असतील तर जा. दोन्ही नसेल तर त्या पैशात घरी येतानाच्या एका जादा बॅगेची तरी सोय होईल. फी जड जात असेल तर चॅप्टरला विचारा, काही ठिकाणी माफ करतात, मला हे भरल्यावर कळलं!

माझी दोरी आता आईकडे आहे. ग्रॅज्युएशनला आली होती तेव्हा परत जाताना तिने ती सुटकेसच्या हँडलला बांधली, म्हणे मुंबईत पट्ट्यावर लगेच ओळखू येते.

मे महिन्यात नव्या ट्रेझररला खातं सोपवलं. शिल्लक १४८ डॉलर, मिनिट्सची फाइल, पासवर्ड, सगळं. अभिमानाने बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "ते ठीक, पण पोच घेतलीस का सहीची?"

नव्हती घेतली.