पचमढी उत्सवाला नागपूरहून कॅरावॅन: केवढी घ्यावी?

भाड्याच्या कॅरावॅनची, म्हणजे आत झोपायची सोय असलेल्या गाडीची, चौकशी केली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती जण?" सहा म्हटलं की सात मीटरची गाडी पुढे केली जाते. चार म्हटलं तरी "मोठीच घ्या, पाय पसरायला बरं" असं ऐकायला मिळतं. पचमढीला जायचं असेल तर तुम्हीच आधी एक प्रश्न विचारा: व्हीलबेस किती? म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. सीट, पलंग, टीव्ही हे सगळं त्यानंतर.

कारण रस्ता. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली या वाटेने पचमढी साधारण २६० किलोमीटर पडते. सौंसर सोडल्यावर सिलेवानीचा घाट लागतो, तामियाच्या आसपास चढउतार आहेत आणि मटकुलीला देनवा ओलांडली की पचमढीचा खरा घाट सुरू होतो. बैतूल-इटारसी-पिपरियाकडून गेलं तर रस्ता बराचसा मोठा आणि मोकळा मिळतो, पण शंभरेक किलोमीटर वाढतात, मध्ये बरेठा घाट आहेच आणि मटकुलीनंतरचा घाट काही चुकत नाही. गाण्या-नृत्यांचा पचमढी उत्सव भरतो डिसेंबरअखेरीस, म्हणजे नाताळच्या सुट्ट्यांची सगळी गर्दी तेव्हाच त्या घाटात असते.

गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत जात नाहीत, वळणाच्या आतल्या बाजूला सरकतात. व्हीलबेस जितका लांब, तितकं हे सरकणं जास्त. पुढचं चाक ८ मीटर त्रिज्येत वळतंय असं धरून हिशेब केला तर मारुती ईकोचं (व्हीलबेस २,३५० मिमी) मागचं चाक सुमारे ३५ सेंटिमीटर आत येतं. फोर्स ट्रॅव्हलरच्या ३,३५० मिमीच्या गाडीत ते ७५ सेंटिमीटर होतं, ३,७०० मध्ये ९० आणि ४,०२० मध्ये जवळजवळ १ मीटर १० सेंटिमीटर. घाटातल्या वळणावर हा पाऊण मीटरचा फरक म्हणजे चालकाने समोरच्याच्या बाजूत शिरून वळण घ्यायचं की आपल्या बाजूत राहून. वरून बस उतरत असली तर लांब गाडीला थांबून तिला वाट द्यावी लागते, मग चढावर पुन्हा सुरुवात, अर्धा क्लच, आणि दहा मिनिटांत क्लच प्लेटचा जळका वास. गाडीत आठशे किलो फर्निचर आणि पाणी भरलेलं असेल तर आणखी लवकर.

लांब गाडीचा दुसरा त्रास मागच्या चाकांपलीकडे लटकणाऱ्या भागाचा. सात मीटरच्या गाडीत तो दीड-दोन मीटर असतो. रस्त्यावरून मैदानात उतरताना चाक खड्ड्यात जातं आणि नेमकं तिथेच खाली लावलेली सांडपाण्याची टाकी किंवा तिचा नळ घासतो. टाकी कुठे बसवली आहे ते गाडी घेण्याआधी खाली वाकून पाहा. मागच्या चाकांच्या पुढे असेल तर उत्तम.

आता तिन्ही आकार एकेक करून.

ईकोच्या आकाराची छोटी गाडी दोघांसाठी. लांबी ३.६७ मीटर, रुंदी दीड मीटरहून किंचित कमी, म्हणजे कोणत्याही गल्लीत वळते, कोणत्याही झाडाखाली उभी राहते. अडचण झोपायची आहे. पुढच्या सीटमागे जेमतेम पाच-साडेपाच फूट जागा उरते. पलंग पुढच्या दुमडलेल्या सीटवर वाढवलेला नसेल तर पावणेसहा फुटी माणसाला तिरपं झोपावं लागतं आणि मग दुसऱ्याला जागा राहत नाही. टेप घेऊन जा. आपल्या उंचीत चार इंच मिळवा, तेवढी सपाट लांबी मिळाली तरच हो म्हणा. बुटक्या छतामुळे कपडे बदलणं, स्वेटर चढवणं सगळं बसूनच. आत स्वयंपाक करायचा नाही, मागचा दरवाजा उघडून बाहेरच. दोन रात्री, दोन माणसं, मुख्य कार्यक्रम गाणं ऐकण्याचा असेल तर याहून शहाणी निवड नाही.

मधला आकार म्हणजे ३,३५० किंवा ३,७०० व्हीलबेसची ट्रॅव्हलर, किंवा टाटाची विंगर. लांबी ढोबळमानाने साडेपाच ते सव्वासहा मीटर. चार मोठी माणसं यात खरोखर झोपू शकतात: मागे आडवा पलंग आणि मधल्या सीट पाडून दुसरा. उंच छताची असेल तर उभं राहता येतं, आणि डिसेंबरच्या पहाटे पँट चढवताना त्याची किंमत कळते. ट्रॅव्हलर आणि विंगरमध्ये एक फरक लक्षात ठेवा. विंगरला जोर पुढच्या चाकांवर असतो. चढावर वजन मागे झुकतं आणि पुढची चाकं हलकी होतात. पाण्याची टाकी आणि बॅटऱ्याही मागेच असतील तर आणखी हलकी. कोरड्या डांबरी घाटात याने काही बिघडत नाही, पण पहाटे दवाने ओल्या झालेल्या गवतावरून गाडी काढताना चाक जागच्या जागी फिरतं. अशा वेळी रबरी पायपुसणी दोन्ही चाकांखाली सरकवली तर सुटका होते. सोबत दोन असू द्या.

तिसरी सात मीटरची, ४,०२० व्हीलबेसची. सहा जण झोपतात, आत बाथरूम, छतावर एसी. फोटोत सगळ्यात छान हीच दिसते आणि पचमढीसाठी सगळ्यात कमी उपयोगाची हीच आहे. डिसेंबरअखेरीस पचमढीत रात्रीचं तापमान ४-५ अंशांपर्यंत उतरतं, एसी कशाला लावणार? तरी त्याचं वजन आणि त्यासाठीचा जनरेटर तुम्ही घाटात वर ओढत नेता. शिवाय कार्यक्रमाच्या जागेजवळ जनरेटर सुरू करू देतील ही आशा सोडा. आणि गावात पोहोचल्यावर ही गाडी उभीच राहणार. धूपगड, बी फॉलसारख्या जंगलातल्या ठिकाणांसाठी वन विभागाच्या परवान्यावर चालणारी जिप्सी घ्यावी लागते. म्हणजे फिरायला जिप्सीचे पैसे वेगळे आणि सात मीटरची गाडी पार्किंगमध्ये.

बसच्या चासीवरची नऊ-दहा मीटरची कॅरावॅन किंवा गाडीमागे जोडायचा ट्रेलर यांचा विचारच करू नका. ट्रेलर घाटात रिव्हर्स घेता येणारे चालक फार कमी, आणि एकदा अडकला की मागे रांग. लायसन्सचाही मुद्दा आहे: एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालते, त्यापुढे जड वाहनाचं लायसन्स लागतं. आरसी बुकावरचं एकूण वजन वाचा. नुसती रिकामी गाडी किती किलोची आहे यावर जाऊ नका.

पाणी आणि वीज या दोन गोष्टींवर लोक आकार ठरवतात, आणि दोन्हींचा अंदाज चुकतो. आंघोळ गाडीत करायची नसेल तर माणशी दिवसाला ८-१० लिटर पुरतं, करायची असेल तर २० धरा. चौघांचे दोन दिवस, आंघोळीविना, म्हणजे ८० लिटर. मोठ्या गाडीची दोनशे लिटरची टाकी नागपुरातूनच गच्च भरली तर दोनशे किलो वजन घाटात चढतं, आणि टाकी अर्धी असेल तर पाणी वळणावर हेलकावे देतं. पचमढीपर्यंत रिकामी टाकी न्या, पाणी वर पोहोचल्यावर भरा.

विजेचं गणित असं. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची लेड-अॅसिड बॅटरी म्हणजे १,२०० वॉट-अवर, पण निम्म्याहून जास्त रिकामी केली तर तिचं आयुष्य घटतं. म्हणून हाताशी ६०० धरा. छोटा १२ व्होल्टचा फ्रिज दिवसाला ४००-५०० खातो. थंडीत फ्रिज लागतो कशाला? तो बंद ठेवला तर दिवे, मोबाइल आणि एक छोटा पंखा यांवर दोन रात्री सहज निघतात. छतावरच्या सोलर पॅनेलवर फार विसंबू नका, सालाच्या झाडाखाली गाडी लावली की त्याचं उत्पन्न नावापुरतं उरतं.

स्थानिक पातळीवर मॉडिफाय केलेल्या गाड्यांमध्ये एक धोका हमखास दिसतो. घरातल्या इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरी पलंगाखाली ठेवलेली असते. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, कलली की अॅसिड सांडतं, आणि तिच्यावर तुम्ही रात्रभर झोपणार. गाडीत सीलबंद बॅटरी किंवा लिथियम आयर्न फॉस्फेटच हवी. पलंगाची फळी उचलून बघितल्याशिवाय अॅडव्हान्स देऊ नका. फळी उचललीच आहे तर प्लायही बघा. ८ बाय ४ फुटांचा १८ मिमी प्लाय एका शीटला ३५ किलोच्या आसपास भरतो. वरची कपाटंही तशाच जाड प्लायची केली असतील तर गाडी वरून जड होते आणि सिलेवानीच्या पहिल्याच वळणात मागे बसलेल्यांना उलटीची भावना होते. १२ मिमीची कपाटं खालच्या बाजूला, वर फक्त जाळी किंवा कापडी खण, अशी गाडी शोधा.

गॅसचं थोडक्यात: १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर नको, ५ किलोचा पुरतो. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो फरशीवर साचतो. म्हणून सिलिंडरच्या खणाला तळाशी बाहेर उघडणारं छिद्र हवंच. आणि ऊब मिळावी म्हणून कोळशाची शेगडी बंद गाडीत कधीही ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. ब्लँकेट वाढवा, आणि दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवून झोपा. बंद पत्र्याच्या गाडीत माणसांच्या श्वासाचं पाणी होऊन पहाटे छतावरून टपकतं. चार माणसं आणि छोटी गाडी असेल तर उशा ओल्या होतात.

शौचालयाचा प्रश्न मोठी गाडी घ्यायचं सगळ्यात मोठं कारण असतं, त्यात घरातले म्हातारेकोतारे सोबत असतील तर विशेष. वीस लिटरच्या टाकीचं पोर्टेबल शौचालय मधल्या गाडीतही बसतं आणि चौघांना रात्रीपुरतं वापरलं तर दोन दिवस चालतं. ते रिकामं कुठे करणार हे निघण्याआधी ठरवा. उत्तर "जंगलात" असं येत असेल तर ते व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी मुक्काम करणाऱ्याला शोभत नाही, आणि त्याचा दंड वेगळा. जवळच्या हॉटेलमध्ये एक खोली घेऊन तिथलं शौचालय वापरणं हा सरळ उपाय आहे. एक खोली आणि मधली गाडी यांचा खर्च मोठ्या गाडीपेक्षा बऱ्याचदा कमीच बसतो.

भाड्याचा हिशेब तर हमखास फसवतो. बहुतेक गाड्या किलोमीटरवर मिळतात, पण रोजचे किमान २५० किलोमीटर धरून. जाणं-येणं ५२० आणि इकडेतिकडे ४०, म्हणजे तुमचा खरा प्रवास ५६०. तीन दिवसांचं किमान ७५० होतं, म्हणजे १९० किलोमीटर न चालताच भरावे लागतात. चार दिवस ठेवली तर ४४०. गाडी उभी राहणार आहे हे आधी सांगून थांबण्याच्या दिवसाचा वेगळा दर ठरवा आणि तो लिहून घ्या. चालकाचा भत्ता, रात्रीचा भत्ता, टोल, मध्य प्रदेशचा कर आणि पार्किंग यांपैकी काय आत आणि काय बाहेर तेही. ऑल इंडिया परमिट नसेल तर हा कर तुमच्याच खिशातून जातो. इंधन तुमचं असेल तर मोठ्या गाडीला या फेरीत मधल्या गाडीपेक्षा साधारण दहा लिटर डिझेल जास्त लागेल असं धरा. चालकासह घेतलेल्या गाडीची नंबर प्लेट पिवळी हवी, स्वतः चालवायला घेतली तर काळ्यावर पिवळी अक्षरं. पांढऱ्या प्लेटची गाडी "मित्राची म्हणून सांगा" असं कोणी म्हणालं तर अपघातात विमा कंपनी हात वर करेल हे ध्यानात ठेवून निर्णय घ्या.

तर दोघांनी ईको घ्यावी. तिघे-चौघे असाल तर ३,३५० किंवा ३,७००, आणि शक्यतो ३,३५०, कारण पंधरा सेंटिमीटरचा तो फरक वळणावर जाणवतो. सहा जण असाल तर सात मीटरपेक्षा मधली गाडी आणि दोन चांगले तंबू बरे, किंवा दोन छोट्या गाड्या. सात मीटरची तेव्हाच, जेव्हा सोबत चालताना त्रास होणारं माणूस आहे, चालक घाटात लांब गाडी रोज हाताळणारा आहे आणि मुक्कामाची जागा फोनवरून पक्की केलेली आहे. फोनवर तीनच गोष्टी विचारा: जागा डांबरी की मातीची, प्रवेशाच्या कमानीची उंची किती, रात्री गाडीत झोपू देतात का. पचमढी छावणीचं गाव आहे, लष्कराच्या बँडवाल्यांना शिकवणारी मिलिटरी म्युझिक विंगही तिथेच. रस्त्याकडेला हवी तिथे गाडी लावून झोपायचा बेत तिथे चालत नाही.

नागपूरहून झिरोच्या संगीत महोत्सवाला कॅरावॅन न्यायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर तो सोडून द्या. अरुणाचलातलं झिरो एका बाजूने दोन हजार किलोमीटरांहून दूर, महोत्सव सप्टेंबरअखेरीस म्हणजे पावसाच्या शेपटात, वर इनर लाइन परमिट. तिथे तंबूच.

गाडी ताब्यात घेताना टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांपेक्षा जुना टायर घाटात नको. स्टेपनी काढून दाखवायला सांगा, जॅक गाडीच्या वजनाचा आहे का पाहा, आणि झोपायच्या सीटसोबत बसायच्या प्रत्येक सीटला पट्टा आहे का मोजा. चालत्या गाडीत पलंगावर कोणीही बसायचं नाही. घाट उतरताना गिअर तोच ठेवा जो चढताना लावला होता, बहुधा दुसरा. ब्रेक दाबून धरत उतरलात तर ते तापून मऊ पडतात. मुक्कामाला गाडी सपाट करायला दीड फुटाचे प्लायचे चार तुकडे सोबत ठेवा. अर्धी भरलेली पाण्याची बाटली फरशीवर आडवी ठेवली की कोणत्या चाकाखाली तुकडा सरकवायचा ते लगेच दिसतं.