कावळा आधी की काळा? आमच्या शब्दकोशाच्या सर्व्हरचं सव्वा वर्ष

आमचा बोलीतल्या शब्दांचा कोश म्हणजे पाच जणांनी रात्री नऊनंतर, जेवणं आटोपून चालवलेला उद्योग. सॉफ्टवेअर आम्हीच लिहिलंय, कोड सगळ्यांना खुला आहे, पगार कुणालाच नाही. मी दिवसा सांगलीत एका पतसंस्थेच्या कॉम्प्युटर विभागात असते, म्हणून "सर्व्हरचं तू बघ" असं ठरलं. ठरलं म्हणजे त्या मीटिंगला मी नव्हते.

जून 2024 मध्ये आम्ही कोशाचं घर बदललं. डेबियन 12 ही ऑपरेटिंग सिस्टीम घेतली आणि हेट्झनर या जर्मन कंपनीचा छोटा क्लाउड सर्व्हर. ही त्यानंतरच्या सव्वा वर्षाची गोष्ट.

आधीचा सर्व्हर सेंटओएस 7 या ऑपरेटिंग सिस्टीमवर होता आणि 30 जून 2024 ला त्याचे सुरक्षा अपडेट थांबणार होते. तारीख वर्षानुवर्षं माहीत होती, तरी आम्ही मे महिन्यात जागे झालो. जागं केलं ते भलत्याच गोष्टीने. जुनी होस्टिंग कंपनी (नाव घेत नाही, निम्मी चूक आमचीच) दर महिन्याला एका कार्डातून पैसे कापायची. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर 2021 पासून असं आपोआप पैसे कापायला आधी मँडेट (म्हणजे पैसे कापायची कायमची परवानगी) नोंदवून ओटीपीची संमती द्यावी लागते, आणि परदेशी व्यापारी त्या यंत्रणेत नसला की बँक सरळ नकार देते. आमच्यातला एक जण मग दर महिन्याला हाताने पैसे भरायचा. एप्रिलमध्ये त्याने नोकरी बदलली आणि तो विसरला. आठवणीच्या मेल त्याच्या जुन्या ऑफिसच्या पत्त्यावर जात राहिल्या. सर्व्हर तीन दिवस बंद, आणि ते आम्हाला कळलं एका निवृत्त गुरुजींच्या फोनवरून: "कोश उघडत नाही, माझं नेट गेलंय का?"

त्यामुळे नवीन जागा शोधताना रॅम आणि प्रोसेसर मागे पडले. पहिला प्रश्न होता, बिल कोण आणि कुठून भरणार? आमचा एक सहकारी श्टुटगार्टला असतो. त्याच्या तिथल्या बँक खात्यातून पैसे परस्पर जातात, आणि आम्ही चौघं आमचा वाटा इचलकरंजीला त्याच्या आईच्या यूपीआयवर पाठवतो. काकू दर तीन तारखेला ग्रुपवर "मिळाले" लिहितात. कंपनी निवडताना एवढं एकच कारण मला पुरेसं वाटलं, आणि आजही वाटतं.

बाकी हिशोब असा. दोन व्हर्च्युअल सीपीयू, 4 जीबी रॅम, 40 जीबी डिस्क, महिन्याला 20 टीबी ट्रॅफिक. भाव तेव्हा कर सोडून चार युरोच्या आत होता. रोजच्या बॅकअपचे वीस टक्के आणि जर्मनीतला कर धरून साडेपाच युरो, म्हणजे आमच्या हिशोबाने पाचशे रुपये. माणशी शंभर. आमचं सगळं मिळून दीड जीबीसुद्धा रॅम खात नाही, आणि ट्रॅफिकचा आकडा बघून तर हसूच येतं.

अंतर मात्र जाणवतं. भारतात या कंपनीचं डेटा सेंटर नाही. आमचा सर्व्हर जर्मनीतल्या फाल्केनश्टाइनला. सांगलीतून तिथे पिंग (निरोप जाऊन परत यायचा वेळ) दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास, मुंबईतल्या सर्व्हरला वीसच्या आत-बाहेर. कोशाचं पान उघडताना तो फरक कळत नाही. शोधाच्या चौकटीत दर अक्षराला सुचवण्या येतात, तिथे कळतो. सुचवणी टायपिंगच्या एक पाऊल मागे चालते, लग्नात नवरदेवामागे करवली चालावी तशी. तुमचं काम तसलंच असेल तर मुंबई किंवा बंगळुरूचा सर्व्हर घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी.

बॅकअप त्याच कंपनीकडे ठेवून निवांत झोपू नका. मार्च 2021 मध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं एक अख्खं डेटा सेंटर आगीत गेलं, आणि शेजारीच बॅकअप असलेल्यांचे दोन्ही गेले. आमची दुसरी प्रत रोज रात्री रेस्टिक या बॅकअपच्या सॉफ्टवेअरने कोल्हापुरातल्या एका जुन्या लॅपटॉपवर उतरते. त्याची बॅटरी फुगली म्हणून काढून टाकलीय. लाईट गेली की तो जातो, पण आली की पुन्हा सुरू होतो.

आता ऑपरेटिंग सिस्टीम. इथे भांडणं झाली. आमच्यातले नागपूरचे दादा फ्रीबीएसडी या सिस्टीमचे भक्त. तिच्यातल्या जेल (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत कोंडायची सोय) आणि झेडएफएस (फाइली साठवायची पद्धत) यांवर ते तासभर बोलतात आणि त्यातलं बहुतेक खरं असतं. पण फ्रीबीएसडी आमच्यात फक्त दादांना येतं. विहीर कितीही गोड पाण्याची असली तरी रहाट एकाच्याच घरी असेल तर उपयोग काय? अल्मालिनक्स हा सेंटओएसवाल्यांसाठी सरळ रस्ता होता, उबंटू 24.04 सुद्धा चाललं असतं. डेबियन घेतलं कारण एपीटी या त्याच्या सॉफ्टवेअर बसवायच्या साधनाची सवय चौघांना होती आणि ते कुठल्या कंपनीच्या मालकीचं नाही. 1993 पासून स्वयंसेवकच ते चालवतात. डेबियन 12 चा नेहमीचा आधार जून 2026 पर्यंत, त्यापुढे एलटीएसचा, म्हणजे लांबवलेला आधार जून 2028 पर्यंत.

सुरक्षा अपडेट आपोआप यावेत म्हणून अनअटेंडेड-अपग्रेड्स लावलं. कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, बदलला की पहाटे चारला रीबूट, असंही लिहून टाकलं. पहिला रीबूट झाला सकाळी साडेनऊला, गुरुजींच्या ऐन कोश उघडायच्या वेळी. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे होतं. चूक शंभर टक्के माझी. त्यानंतर आजतागायत मी त्या सर्व्हरवर फारतर महिन्यातून एकदा लॉगिन करते. माझ्या लेखी डेबियनची खरी किंमत ही आहे.

सगळ्यात सुंदर गोष्ट मात्र मागितलीच नव्हती. सेंटओएस 7 सोबत पोस्टग्रेस 9.2 हा डेटाबेस यायचा. आमच्या डेटाबेसमध्ये शब्द युनिकोडच्या (अक्षरांना नंबर देणाऱ्या पद्धतीच्या) क्रमाने लागायचे, आणि युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो. म्हणून आमच्या कोशात "काळा" आधी आणि "कावळा" नंतर. गुरुजींनी दोन वर्षं पाठ सोडली नाही: "अहो, ळ ह नंतर येतो, पहिलीतल्या पोराला विचारा!" डेबियन 12 च्या पोस्टग्रेस 15 मध्ये आयसीयू या भाषांचे नियम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची मराठी वर्णक्रमवारी तयार असते. क्वेरीत तिचं नाव, एमआर-एक्स-आयसीयू, जोडलं आणि कावळा काळ्याच्या आधी उडून बसला. एक ओळ! त्या रात्री मी यादी वरखाली करत नुसती बघत बसले होते.

उणिवाही सांगते. डेबियनमधली पॅकेजेस जुनी असतात, नवीन पायथॉनचा हट्ट असेल तर स्वतः खटपट करावी लागते. कोशाच्या मेल पाठवायच्या तर क्लाउडवर बहुतेक ठिकाणी मेल जायचं दार, 25 नंबरचं पोर्ट, बंद असतं, आम्ही वेगळी मेल सेवा जोडली. आणि ऑगस्ट 2025 मध्ये डेबियन 13 आलंय. त्यात पोस्टग्रेस 17 आहे, आयसीयूही नवीन, म्हणजे क्रमवारीवर बांधलेले इंडेक्स (शोधासाठीच्या सूची) पुन्हा बांधावे लागणार. ते काम दिवाळीच्या सुट्टीवर ढकललंय. गुरुजींना वेळ आधीच कळवलीय: रात्री अकरा, आपल्या घड्याळाने.